गुडघ्यातला टवका आणि रिपोर्टची पाचवी ओळ

पत्र आलंय ते थोडं कापून देतोय:

"डॉक्टर, मी ३७ वर्षांची, शिकवते, दिवसातले पाच-सहा तास उभीच असते. दीड वर्षापूर्वी बॅडमिंटन खेळताना उजवा गुडघा मुरगळला, मागच्या बाजूला टक असा आवाज आला, पण दोन आठवड्यांत चालायला लागले म्हणून सोडून दिलं. आता आतल्या बाजूला दुखतं, जिना उतरताना जास्त, आणि संध्याकाळपर्यंत गुडघा सुजतो. एमआरआय केला, त्यात कार्टिलेजला २ बाय १.५ सेंटिमीटरचा ग्रेड ४ (म्हणजे थेट हाडापर्यंतचा) डिफेक्ट आलाय. तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले दुर्बिणीतून मायक्रोफ्रॅक्चर करून टाकू, अर्ध्या तासाचं काम. दुसरे म्हणाले कार्टिलेज परत येत नसतं, जमेल तितकं सहन करा आणि मग गुडघा बदला. तिसरे म्हणाले स्टेम सेलची तीन इंजेक्शनं घ्या, नवीन कार्टिलेज उगवेल. नवरा म्हणतो बॅडमिंटन कायमचं सोड. आता कोणीतरी सांगितलं की कार्टिलेज आणि जॉईंट प्रिझर्व्हेशनवाले सर्जन वेगळे असतात, त्यांना दाखव. म्हणजे आता चौथा डॉक्टर? मी ऐकू कोणाचं? रिपोर्ट खाली पूर्ण टाइप केलाय. – वैतागलेली"

वैतागलेल्या ताई,

रिपोर्ट अख्खा टाइप करून पाठवलात हे फार बरं केलंत, कारण लोक शेवटचं 'इम्प्रेशन', म्हणजे निष्कर्ष, तेवढं पाठवतात आणि खरी गोष्ट बऱ्याचदा वरच्या बारीक अक्षरात दडलेली असते. तुमच्या रिपोर्टमध्येही तेच झालंय. पाचवी ओळ बघा. मीडियल, म्हणजे आतल्या बाजूचा, मेनिस्कस मागच्या मुळापाशी फाटल्याची शंका, आणि मेनिस्कस ४ मिलिमीटर बाहेर सरकलेला. खाली इम्प्रेशनमध्ये मात्र कार्टिलेजचा डिफेक्ट पहिल्या नंबरला आणि हे प्रकरण 'मेनिस्कसमध्ये बदल' एवढ्या दोन शब्दांत उरकलंय. तुमच्या पत्रात मेनिस्कस हा शब्द एकदाही नाही, म्हणजे तिघांपैकी कोणी त्यावर बोललंच नाही किंवा बोलले असतील पण तुमच्यापर्यंत पोचलं नाही. मी तुमचा गुडघा तपासलेला नाही, नुसत्या पत्रावरून निदान करणं बरोबरही नाही, पण या ओळीचं उत्तर मिळाल्याशिवाय कुठल्याही ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करू नका एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत आपण 'गादी' म्हणतो आणि त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. मणक्यांच्या मधली चकती ती गादी, गुडघ्यातला मेनिस्कस तीही गादी, आणि हाडाच्या टोकावर असतं ते कार्टिलेज तेही गादीच. मग 'गादी गेलीय' असं ऐकून माणूस केबिनच्या बाहेर येतो आणि नक्की काय गेलंय ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही. वर कोणीतरी 'वंगण संपलं' म्हणून टाकतं, ते तर अजूनच भलतं.

कार्टिलेज म्हणजे हाडाच्या टोकाला घट्ट चिकटलेला पांढरा, ओला, काचेसारखा गुळगुळीत थर. गुडघ्यात साधारण २ ते ४ मिलिमीटर जाड, वाटीच्या मागे त्याहून जाड, आणि त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग नुसतं पाणी. त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. या दोन 'नाहीत' मध्ये तुमचं निम्मं पत्र आलं. रक्त नाही म्हणून ते भरून येत नाही, कारण शरीरात बहुतेक ठिकाणी जखम भरते ती रक्त येऊन, गुठळी होऊन, त्यात पेशी शिरून, आणि इथे रक्तच येत नाही. विल्यम हंटर नावाच्या सर्जनने १७४३ मध्ये लिहून ठेवलंय की कार्टिलेज एकदा गेलं की पूर्ववत होत नाही, त्यामुळे तुमचे दुसरे डॉक्टर म्हणाले त्यात चूक काहीच नाही, फक्त ते हंटरच्या पुढे आले नाहीत, मधल्या पावणेतीनशे वर्षांत थोडंफार काम झालंय.

आणि नसा नाहीत म्हणजे कार्टिलेज स्वतः दुखत नाही. दुखतं ते खालचं हाड, नाहीतर सांध्याचं अस्तर जे चिडलं की पाणी सोडतं आणि मग गुडघा सुजतो. म्हणून एमआरआयमध्ये खड्डा दिसला म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच असं होत नाही. १९९७ मध्ये ३१ हजारांहून जास्त गुडघ्यांच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांचा हिशोब छापून आला होता, त्यात ६३ टक्के गुडघ्यांत कार्टिलेजला काही ना काही इजा सापडली. आता ही सगळी माणसं काही कार्टिलेजसाठी टेबलावर झोपलेली नव्हती, कोणाचं लिगामेंट, कोणाचं अजून काही. म्हणजे खड्डा ही फार कॉमन गोष्ट आहे, तुमचं दुखणं त्याच खड्ड्यातून येतंय का हे वेगळं शोधावं लागतं, आणि ते मशीन नाही शोधत, डॉक्टरच्या बोटांनी शोधावं लागतं. तिघांपैकी किती जणांनी गुडघ्याला हात लावला? किती जणांनी तुम्हाला चालून दाखवायला सांगितलं? खरंच विचारतोय, कारण पत्रात तेही नाहीये.

अजून एक फरक. भिंतीचे पोपडे सगळीकडून सुटणं वेगळं आणि चांगल्या भिंतीचा एकाच जागी टवका उडणं वेगळं. पहिलं म्हणजे संधिवात, ऑस्टिओआर्थ्रायटिस, आख्खा सांधाच आजारी. दुसरं म्हणजे फोकल डिफेक्ट. कार्टिलेज रिपेअरच्या सगळ्या युक्त्या टवक्यासाठी आहेत, पोपड्यांसाठी नाहीत, आणि बाजारात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो (किंवा केला जातो). तुमचा रिपोर्ट वाचून तुमचा टवका वाटतोय, बाहेरचा कप्पा चांगला, वाटीच्या मागे चांगलं, समोरच्या नडगीच्या हाडावरचं कार्टिलेज शाबूत. ही चांगली बातमी आहे, ती कोणी दिली नसेल तर माझ्याकडून घ्या.

आता पाचवी ओळ.

मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या मध्ये बसलेली सी आकाराची रबरी चकती, आत एक बाहेर एक. तिची दोन्ही टोकं नडगीच्या हाडात मुळासारखी रुतलेली असतात. बैलगाडीच्या चाकाला बाहेरून लोखंडी धाव चढवतात ना, तसं तिचं काम. वजन आलं की मेनिस्कसला बाहेर पसरायचं असतं, मुळं धरून ठेवतात म्हणून तो पसरत नाही आणि वजन सगळीकडे वाटलं जातं. धाव एका जागी कापली की चाक उकलतं, बाकीची धाव कितीही चांगली असली तरी. मूळ तुटलेला मेनिस्कस एमआरआयमध्ये बाकी अख्खा दिसतो, थोडा बाहेर सरकलेला, पण काम शून्य. प्रयोगशाळेत दाब मोजून बघितलाय, मूळ तुटलं की आतल्या कप्प्यावरचा दाब जवळपास अख्खा मेनिस्कस काढून टाकल्याइतका वाढतो. आणि तुमचा तो 'टक' आवाज, गुडघ्याच्या मागून, मग दोन आठवड्यांत बरं वाटणं, आणि वर्षभराने आतल्या बाजूचं दुखणं... मला नुसतं वाचूनच खटकलं.

म्हणजे शक्यता अशी आहे, शक्यताच म्हणतोय, की टवका हा आजार नसून परिणाम आहे. आधी मूळ तुटलं, मग दीड वर्ष त्या एका जागेवर रोज वजन आदळत राहिलं, आणि मग टवका उडाला. हे खरं असेल तर टवका कशाने भरायचा यावर तीन डॉक्टरांची तीन मतं हा वादच चुकीच्या जागी चाललाय. एका बाजूने झिजलेल्या चपलेला नवीन टाच लावून आणली तरी चाल तीच असेल तर ती परत तिथेच झिजते, मोची कितीही भारी असो.

हे मी जरा तळमळीने लिहितोय त्याला कारण आहे. मी स्वतः २२ वर्षांचा असताना माझ्या डाव्या गुडघ्यातला आतला मेनिस्कस जवळजवळ पूर्ण काढून टाकला होता. खेळताना फाटला, अडकायला लागला, सर्जनने काढला, तीन आठवड्यांत मी पळत होतो आणि सगळ्यांना सांगत होतो की किती झकास ऑपरेशन झालं. त्या सर्जनची वाईट भावना नव्हती, तेव्हा सर्रास तसंच चालायचं. पण फेअरबँक नावाच्या सर्जनने १९४८ मध्येच एक्स-रे दाखवून सांगितलं होतं की मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यांत पुढे बदल होत जातात, ते वाचलं सगळ्यांनी, मनावर घेतलं उशिरा. चाळिशी ओलांडल्यावर माझा पाय हळूहळू बाहेर धनुष्यासारखा वाकायला लागला आणि ४६ व्या वर्षी मी माझ्याच क्षेत्रातल्या एका मित्रापुढे पेशंट म्हणून जाऊन बसलो. नडगीचं हाड कापून पाय सरळ करून घेतला. गुडघा अजून माझाच आहे. जिने चढतो, पळत नाही.

त्यातून दुसरा मुद्दा येतो, पायाची रेष. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो आणि सरळ पायाच्या माणसातही त्यातला ६०-७० टक्के आतल्या कप्प्यातून जातो. पाय थोडासा जरी बाहेर वाकलेला असेल तर हे प्रमाण अजून वाढतं. हे झोपून काढलेल्या एक्स-रेत दिसत नाही, नुसत्या गुडघ्याच्या एक्स-रेतही नाही आणि एमआरआय तर झोपूनच होतो. त्यासाठी उभं राहून, खुब्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचा एकच लांब एक्स-रे लागतो. मग खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेष ओढायची आणि ती गुडघ्यातून कुठून जाते ते बघायचं. साधा एक्स-रे, दहा मिनिटांचं काम, आणि तरी कार्टिलेजच्या ऑपरेशनला निघालेल्या कितीतरी जणांच्या फाइलमध्ये तो नसतो. तुमच्या पत्रातही त्याचा उल्लेख नाहीये.

आता तुमचे तिघं.

पहिले, मायक्रोफ्रॅक्चरवाले. ही पद्धत रिचर्ड स्टेडमन नावाच्या अमेरिकन सर्जनने १९८० च्या दशकात रुळवली. कल्पना साधी आणि हुशार आहे, कार्टिलेजला रक्त नाही ना, मग खालच्या हाडाला ३-४ मिलिमीटरवर बारीक भोकं पाडा, हाडातलं रक्त आणि मगजातल्या पेशी वर येतील, गुठळी होईल, त्यातून काहीतरी उगवेल. आणि उगवतं! फक्त जे उगवतं ते मूळचं कार्टिलेज नसतं, व्रणासारखं, जरा राठ, फायब्रोकार्टिलेज. छोट्या टवक्याला, साधारण २ चौरस सेंटिमीटरच्या आतल्याला, पहिली दोनेक वर्षं बरं चालतं आणि मग बऱ्याच जणांत हळूहळू उतरत जातं. तुमचा रिपोर्टवरच ३ चौरस सेंटिमीटर आहे, आणि एमआरआय सहसा कमीच सांगतो, दुर्बिणीतून आत गेल्यावर कडेचा सैल भाग साफ केला की तो मोठाच निघतो.

बरं, करून बघू, नाही जमलं तर पुढचं बघू, असं तुम्हाला कोणी म्हणेल. ते 'करून बघू' फुकटचं नसतं. आधी अशी भोकं पाडून झालेल्या गुडघ्यात नंतर पेशींचं रोपण (ते काय ते पुढे सांगतो) केलं तर ते फसण्याचं प्रमाण कोऱ्या गुडघ्यापेक्षा जास्त असतं, २००९ मध्ये आलेल्या एका मोठ्या मालिकेत ८ टक्क्यांच्या जागी २६ टक्के निघालं. म्हणजे तिपटीच्या वर. कारण खालचं हाड बिघडतं, कडक होतं, वर फुगवटे येतात. अर्ध्या तासाचं काम आहे हे खरं, पण त्यानंतर सहा-आठ आठवडे पायावर वजन टाकायचं नसतं हे पण खरं, ते सांगितलं होतं का?

दुसरे, सहन करा आणि मग बदला. हा सल्ला ६५ व्या वर्षी, पोपडे सुटलेल्या गुडघ्याला उत्तम. कृत्रिम गुडघा हे वाईट ऑपरेशन अजिबात नाही, २०१९ मध्ये मोठ्या नोंदी एकत्र करून बघितलं तेव्हा १०० पैकी ८२ च्या आसपास कृत्रिम गुडघे २५ वर्षांनीही टिकलेले होते. पण तो हिशोब मुख्यतः म्हाताऱ्या माणसांचा. वय कमी असेल तर चित्र बदलतं, सत्तरीनंतर बदललेल्याला आयुष्यात परत ऑपरेशन लागण्याची शक्यता ५ टक्के, आणि पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या बायकांत ती २० टक्क्यांच्या आसपास, पुरुषांत ३५ पर्यंत. तुम्ही ३७. आणि शिवाय 'सहन करा' यात एक गृहीत आहे की तोवर गुडघा आहे तसाच थांबेल. मूळ तुटलेला मेनिस्कस वाट बघत नाही हो.

तिसरे. इथे मी थोडक्यात आणि थोडा चिडून लिहिणार. इंजेक्शनने सांध्यात सोडलेल्या पेशी जाऊन नेमक्या टवक्यात बसतात आणि तिथे कार्टिलेज उगवतात असं सिद्ध झालेलं नाही. २०२३ मध्ये पावणेपाचशेच्या आसपास संधिवाताच्या पेशंटवर तीन प्रकारच्या पेशींची इंजेक्शनं आणि साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन यांची तुलना छापून आली, वर्षभराने पेशीवाले पुढे नव्हते. पीआरपीचंही, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनचंही, तेच, २०२१ मध्ये २८८ जणांच्या चाचणीत मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा वर्षाअखेरीस काही खास फरक नाही. या चाचण्या संधिवातावरच्या आहेत, तुमच्यासारख्या टवक्यावरच्या नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मग 'नवीन कार्टिलेज उगवेल' हे वाक्य कशाच्या जोरावर, हे त्यांनाच विचारा, आणि आधी-नंतरचे एमआरआय मागा. तुटलेलं मूळ तर कुठल्याच इंजेक्शनने चिकटत नाही.

मग चौथा डॉक्टर कशाला? तर हो, मी म्हणेन जा. जॉईंट प्रिझर्व्हेशन म्हणजे कुठलं जादूचं मशीन नसतं, ती विचार करायची पद्धत आहे, सांधा का बिघडला ते आधी आणि तो कशाने बुजवायचा ते शेवटी. त्यांचा क्रम बघा. आधी पायाची रेष, वाकडी असेल तर हाड कापून सरळ करणं, ज्याला ऑस्टिऑटॉमी म्हणतात. मग मेनिस्कस आणि लिगामेंट, शिवता येत असेल तर शिवणं, मुळाच्या बाबतीत हाडात बोगदा पाडून त्यातून टाके ओढून मूळ परत जागेवर बांधतात. आणि मग कार्टिलेज. बऱ्याचदा हे सगळं एकाच बैठकीत होतं. कधी कधी पहिल्या दोन गोष्टी केल्यावर तिसरी लागतच नाही, कारण वजन हललं की हाड शांत होतं आणि टवका तिथेच असूनही दुखायचं थांबतं.

टवका भरायचाच ठरला तर तुमच्या मापाला दोन-तीन रस्ते असतात. एक, गुडघ्याच्याच कमी वजनाच्या कोपऱ्यातून हाडासकट कार्टिलेजच्या छोट्या गोल खुंट्या काढून टवक्यात ठोकायच्या, मोझेइकप्लास्टी, हंगेरीच्या हँगोडी नावाच्या सर्जनने १९९२ पासून केलेली. खरं कार्टिलेज मिळतं पण कोपऱ्यातून काढणार तरी किती, तुमच्या ३ चौरस सेंटिमीटरला ती सीमेवर येते. दुसरा, दात्याच्या गुडघ्यातला ताजा तुकडा, मोठ्या आणि हाडातही शिरलेल्या खड्ड्यांना छान, पण मापाचा दाता मिळायची वाट बघावी लागते आणि तो सगळीकडे मिळतोच असं नाही.

तिसरा म्हणजे पेशींचं रोपण, आणि हे त्या तिसऱ्या डॉक्टरच्या इंजेक्शनपेक्षा पूर्ण वेगळं आहे, नावं सारखी वाटतात म्हणून गल्लत होते. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९८७ मध्ये पहिल्यांदा केलं, ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांनी १९९४ मध्ये २३ पेशंटचे निकाल छापले. दुर्बिणीतून तुमच्याच कार्टिलेजचा इवलासा तुकडा काढायचा, लॅबमध्ये काही आठवडे त्यातल्या पेशी वाढवायच्या, आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये त्या टवक्यात बसवायच्या, हल्ली पडद्यावर पसरवून चिकटवतात. त्या पहिल्या २३ मध्ये एक मजेशीर गोष्ट होती. मांडीच्या हाडावर ज्यांचा टवका होता त्या १६ पैकी १४ जणांना चांगला फायदा झाला, आणि वाटीच्या मागे होता त्या ७ पैकी फक्त दोघांना. तेच सर्जन, तीच लॅब, तीच पद्धत! नंतर कळत गेलं की वाटी रुळावरून सरकत असेल तर ती आधी सरळ न करता मागचा टवका भरून उपयोग नाही. म्हणजे फिरून परत तिथेच आलो आपण. तुमचा मांडीच्या हाडावर आहे, ते एक बरं.

सर्जन निवडताना बोर्डावर काय लिहिलंय ते बघू नका, हल्ली जॉईंट प्रिझर्व्हेशन कोणीही लिहितं. तो काय विचारतो ते बघा. इजा कशी झाली ते सविस्तर विचारतो का, एका बोटाने दुखरी जागा दाखवायला सांगतो का, चालायला लावतो का, लांब एक्स-रे मागतो का, एमआरआयचा कागद वाचतो की पिक्चर स्वतः लावून बघतो. आणि तुम्ही त्याला विचारा, पाचव्या ओळीबद्दल तुमचं मत काय, मूळ खरंच तुटलंय का, दीड वर्षाने शिवण्यालायक उरलंय का, शिवून बाहेर सरकलेला मेनिस्कस आत येईल का (नेहमी पूर्ण येत नाही, हे तो स्वतःहून म्हणाला तर माणूस खरा), माझ्या पायाची रेष किती अंश, आणि हे ऑपरेशन फसलं तर पुढचा प्लॅन काय. वर सांगितलेल्यांपैकी एकच पद्धत जो करतो त्याला तीच पद्धत सगळीकडे लागू दिसते, यात लबाडी असतेच असं नाही, हात बसलेला असतो त्या कामावर. आणि 'आधी तीन महिने फिजिओ करू, मग ठरवू' असं म्हणाला तर टाळतोय असं समजू नका, फक्त मूळ तुटल्याचं पक्कं झालं असेल तर तेव्हा मात्र फार रेंगाळायचं नसतं.

फिजिओ तसाही लागणारच. सुजलेला गुडघा मांडीच्या पुढच्या स्नायूला झोपवतो, तुम्ही ठरवून पण तो पूर्ण ताकदीने आवळू शकत नाही, मग तो वाळतो, मग सगळा धक्का सांध्यावर. दोन्ही मांड्या वाटीच्या वर एकाच अंतरावर टेपने मोजा, उजवी बारीक निघाली तर आजच सुरुवात करा. पाय सरळ ठेवून मांडी आवळणं, सरळ पाय उचलणं, सायकल हलक्या लोडवर. वजनाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत आणि मीही विचारत नाही, फक्त एक हिशोब ठेवतो, १ किलो कमी झाला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने उतरतो, आणि दिवसभर वर्गात उभं राहणाऱ्या माणसाची पावलं किती होतात ते तुम्हीच मोजा. शक्य असेल तेव्हा उंच स्टुलावर टेकून शिकवा.

ऑपरेशन झालंच तर नंतरच्या काळाबद्दल स्पष्ट बोलून घ्या, कारण लोक ऑपरेशनला घाबरतात आणि खरी दमवणारी गोष्ट नंतर असते. साधारण सहा आठवडे कुबड्या. सुरुवातीला मशीनवर पाय हळूहळू वाकवायचा-सरळ करायचा, दिवसातले कित्येक तास, कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही, कारण नव्या पेशींना हालचाल लागते पण वजन नको असतं. मूळ शिवलं असेल तर खोल वाकवण्यावर बंदी. उजवा पाय आहे म्हणजे गाडी चालवणं बरेच दिवस बंद. उभं राहून शिकवायला तीन-चार महिने धरा. माझ्या ४६ व्या वर्षी मला स्वतःला वाटलं होतं की मी रोज हेच करतो, मला सगळं माहितीये, आणि तिसऱ्या आठवड्यात हातात चहाचा कप आणि दोन कुबड्या अशा अवस्थेत मी स्वयंपाकघराच्या दारात दहा मिनिटं नुसता उभा होतो, कप कसा न्यायचा ते कळेना. घरी कोण असणार ते तारखेच्या आधी ठरवा.

मध्येच गुडघा अडकला आणि सरळच होईना, किंवा लाल गरम झाला आणि ताप आला, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवा.

आता बॅडमिंटन. नवऱ्याला सांगा, आत्ता बंद हे बरोबर, कायमचं हे कोणीच अजून म्हणू शकत नाही. रेष आणि मूळ यांचं उत्तर येईपर्यंत उड्या, झटकन वळणं, पुढे लंज हे सगळं बंद. पेशींचं रोपण झालं तर वळणं-उड्यांच्या खेळाला साधारण वर्ष लागतं, काहींना दीड, आणि मूळ शिवून घेतलेल्या गुडघ्याने परत सिंगल्स खेळावं असं मी तरी सांगणार नाही, डबल्स कदाचित, मागच्या कोर्टवर धावायचं काम पार्टनरला देऊन. पोहणं मात्र या आठवड्यापासून चालेल, ब्रेस्टस्ट्रोकची किक सोडून, ती आतल्या बाजूला ताण देते.

लांब एक्स-रे झाला आणि पाचव्या ओळीवर कोणी नीट बोललं की कळवा, मूळ शाबूत निघालं तरी कळवा, मग माझी शंका चुकली असं इथेच लिहीन.

ता. क. – जिना उतरताना कठडा धरा आणि दुखरा पाय आधी खाली टाका, चढताना चांगला पाय आधी वर. बरेच जण उलटं करतात आणि संध्याकाळी गुडघा का सुजला म्हणून विचारतात.